गरम जॉब मोजू नका: अ‍ॅनिमेला गुण देणाऱ्या समीक्षकांना खुले पत्र

आदरणीय समीक्षक महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मूळ गाव खानापूर तालुक्यात. तुमचं अ‍ॅनिमेवरचं सदर, म्हणजे जपानी कार्टून मालिकांवरचं तुमचं पान, पहिल्या आठवड्यापासून वाचतो. आमच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर ती पुरवणी येते. तुमचं पान मी कापून घेतो आणि रविवारी टिळकवाडीत मित्राच्या गच्चीवर नेतो. तिथे आम्ही आठ जण जमतो आणि तुमच्या प्रत्येक आकड्यावर तासभर तरी वाद घालतो. मराठीत या विषयावर नेमानं लिहिणारी माणसं थोडी आहेत, त्यामुळे तुमचा शब्द आमच्यासाठी मोठा आहे. म्हणूनच हे पत्र लिहितोय.

गेल्या काही महिन्यांत तुम्ही दिलेले तीन आकडे आम्हाला पटलेले नाहीत. ‘व्हिनलँड सागा’च्या दुसऱ्या सीझनला दहापैकी ४. ‘फ्रीरेन’ला ६.४. आणि जुनी म्हणून परत बघायला घेतलेल्या ‘इव्हँगेलियन’ला ५. आवड वेगळी असू शकते हे मला मान्य आहे. आमच्या गच्चीवरच दोघांना फ्रीरेन कंटाळवाणी वाटते, त्यांच्याशी माझं भांडण नाही. ते ‘मला कंटाळा आला’ एवढंच म्हणतात. तुम्ही आकडा देता. आणि आकडा दिला की ती मोजणी होते.

मोजणी हे माझं पोट आहे, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो.

फाउंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडे त्याचं मशिनिंग होतं आणि शेवटी तयार भाग, आमच्या भाषेत जॉब, माझ्या टेबलावर येतो. पास की रिजेक्ट, ते मी लिहितो. नोकरीला लागलो त्या वर्षी एका दुपारी मी एकापाठोपाठ अकरा जॉब रिजेक्ट केले. व्यास मोठा येत होता, २० मायक्रॉनच्या टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, बाहेर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लाल टॅग लावले आणि ट्रे बाजूला सरकवला. मशीनवरचा माणूस वयानं मोठा, त्याची पाळी संपत आलेली. तो काही बोलला नाही. फक्त टेबलापाशी आला, एक जॉब उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि उभा राहिला. जॉब गरम होता. नुकताच मशीनवरून उतरलेला. मी गरम जॉब मोजला होता.

जगभर लांबी-रुंदीची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात, ते उगाच नाही. पोलाद तापलं की फुगतं. १०० मिलिमीटरच्या पोलादी जॉबचं तापमान ३० अंशांनी वाढलं तर तो साधारण ३५ मायक्रॉन मोठा भरतो. म्हणजे माझा मायक्रोमीटर खरं बोलत होता आणि माझा निकाल मात्र खोटा होता. संध्याकाळी गार झाल्यावर तेच अकरा जॉब परत मोजले. दहा पास झाले. त्या माणसाच्या हातात नसलेल्या चुकीबद्दल मी त्याच्या नावावर अकरा रिजेक्शन लिहिणार होतो, हे आठवलं की आजही मान खाली जाते.

तुमची अडचण मला कळते. मालिका जपानमध्ये सुरू होते, सगळीकडे गाजावाजा होतो, पुरवणीचा दिवस ठरलेला असतो आणि तुम्हाला त्या आठवड्यात काहीतरी लिहावंच लागतं. म्हणजे जॉब गरम असतानाच टेबलावर येतो. तुम्हीच एका लेखात लिहिलं होतंत की बघायचा साठा फार असल्यामुळे बऱ्याच मालिका तुम्ही हिंदी डबिंगमध्ये, दीडपट वेगानं बघता, आणि पहिल्या तीन भागांत पकड घेतली नाही तर सोडता. तुम्ही ते मोकळेपणानं सांगितलंत याचं कौतुकच आहे. पण आकड्याखाली ते कुठेच छापलेलं नसतं. वाचणाऱ्याला फक्त ४ दिसतो.

तो ४ कुठे जाऊन पडतो ते बघा. माझा भाचा चिकोडीला आयटीआयच्या हॉस्टेलवर असतो. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर बघायच्या मालिकांची यादी आहे, आणि तुमच्याकडून सातच्या खाली आलेल्या प्रत्येक नावावर त्यानं लाल रेघ मारली आहे. पट्टी ठेवून, सरळ. ‘व्हिनलँड सागा २’वरही. कारण विचारलं तर म्हणाला, “मामा, चार मिळालेत. डाटा कशाला घालवायचा?” त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. महिन्याचा रिचार्ज वडिलांकडून मागून घेणाऱ्या मुलानं दुसरं काय करावं?

आता त्या ४ कडे येतो.

तुमची तक्रार अशी की पहिल्या सीझनमध्ये लढाया होत्या, सूड होता, वेग होता, आणि दुसऱ्यात गोष्ट शेतात जाऊन रुतली. पहिल्याला तुम्ही ९ दिले होते. दोन्ही सीझन २४-२४ भागांचे आहेत. पहिला २०१९ मध्ये विट स्टुडिओनं केला, दुसरा २०२३ मध्ये ‘मापा’ (MAPPA) या स्टुडिओनं. स्टुडिओ बदलला तरी दिग्दर्शक शुहेई याबुता तेच राहिले. माकोतो युकिमुरा यांनी ही मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००५ मध्ये साप्ताहिकात सुरू केली, त्याच वर्षी ती मासिकाकडे नेली आणि २०२५ मध्ये संपवली. म्हणजे एकाच माणसानं वीस वर्षं ही गोष्ट वागवली आहे. वीस वर्षं एखादी गोष्ट वागवणारा माणूस आपल्या नायकाला शेतात नेतो, तेव्हा त्याला दुसरं काही सुचलं नाही म्हणून नेत नसणार, एवढा विश्वास आपण ठेवायला हवा होता.

मी ती मालिका दोनदा बघितली. दुसऱ्यांदा आप्पांबरोबर.

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो होतो. भाताची सुगी आटोपली होती, मसूर पेरून झाला होता, त्यामुळे आप्पा जरा मोकळे होते. मी लॅपटॉप घेऊन सोप्यात बसलो होतो. आप्पा चुन्याची डबी हातात घेऊन मागे येऊन उभे राहिले.

“काय बघालास रे?”

“जपानी आहे आप्पा. डेन्मार्कच्या शेतावरच्या दोन गुलामांची गोष्ट आहे.”

“शेतावरची?” म्हणाले आणि खांबाला टेकून बसले.

मला वाटलं पाच मिनिटांत उठतील. आप्पांना इंग्रजी येत नाही, जपानीचा तर प्रश्नच नाही. मी पडद्याखालची इंग्रजी संवादांची पट्टी वाचून मराठीत सांगत होतो. नायक थॉरफिन आणि आयनार या दोघा गुलामांना मालकानं जंगलाचा एक तुकडा दिला आहे. झाडं तोडायची, जमीन मोकळी करायची, गहू पिकवायचा, आणि त्या गव्हातून आपलं स्वातंत्र्य विकत घ्यायचं. झाडं पडतात, पण बुडखे निघत नाहीत. दोघं मुळांशी झटतात, दोर लावून ओढतात, बुडखा हलत नाही. तुम्ही जिथे ‘काहीच घडत नाही’ असं लिहिलंय, तो हाच भाग असावा. आप्पा पुढे सरकले. “माणसानं निघत नाही ते. जनावर पाहिजे,” म्हणाले. आणि पुढच्या गोष्टीत खरंच घोडा आला. मालकाच्या म्हाताऱ्या बापाकडे घोडा आहे, पण तो फुकट देत नाही. आधी माझ्या रानात काम करा, मग घोडा न्या.

आप्पा एकदम म्हणाले, “पैरा की हा!”

तुम्ही शहरात वाढला असाल तर सांगतो. ज्याच्याकडे बैल आहे त्याच्या रानात आपण राबायचं आणि बदल्यात त्याचे बैल आपल्या रानात आणायचे, याला आमच्याकडे पैरा म्हणतात. आप्पांकडे एकच बैल होता तेव्हा दुसरा त्यांनी पैऱ्यानंच आणला. अकराव्या शतकातल्या डेन्मार्कमध्ये दोन गुलामांनी पैरा केला हे एका जपानी चित्रकारानं चितारलं, आणि ते खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला पट्टी न वाचता कळलं. मी तोपर्यंत ते प्रसंग एकदा बघितले होते आणि मला ते नुसते छान वाटले होते. त्यात पैरा आहे हे मलाही दिसलं नव्हतं.

मग गहू उगवतो. पहिल्यांदा हिरवं दिसतं तेव्हा ते दोघं ज्या नजरेनं बघतात, ती नजर मी आमच्या घरात दर वर्षी बघतो. आणि मग शेतावरचे मजूर, जे स्वतः गुलाम नाहीत पण ज्यांना या दोघांचं बरं चाललेलं बघवत नाही, ते रात्रीत ते पीक उद्ध्वस्त करतात. इथे आप्पा उठले आणि अंगणात गेले. दोन वर्षांपूर्वी रानगव्यांच्या कळपानं आमचं पोटरीला आलेलं भात एका रात्रीत झोपवलं होतं. बराच वेळ ते आत आले नाहीत. मी गोष्ट थांबवून ठेवली. आले तेव्हा म्हणाले, “लाव. पुढं काय केलं त्यानं?”

पुढे मारामारी होते. थॉरफिन बेशुद्ध पडतो, आणि त्या बेशुद्धीत त्याला आपण आजवर मारलेली माणसं दिसतात. शुद्धीवर येतो तेव्हा त्यानं हिंसा सोडायचं ठरवलेलं असतं. महोदय, पहिल्या सीझनमध्ये हा मुलगा फक्त मारायला शिकला होता. त्याच्या हातून काही उगवलं ते आयुष्यात पहिल्यांदा, या शेतात. ते उगवलेलं कुणीतरी तुडवलं, तेव्हा आपण आजवर दुसऱ्यांचं काय तुडवलं ते त्याला कळलं. बुडखे काढण्याचे, घोडा आणण्याचे, पेरण्याचे भाग काढून टाकले तर ती शपथ हवेत राहील. ज्याला तुम्ही रुतणं म्हणता ती पेरणी आहे. पेरणीच्या दिवशी शेतात जाऊन उतारा किती म्हणून विचारलं तर कोणता शेतकरी सांगेल?

फ्रीरेनचं वेगळं आहे. तिथे तुम्ही किती भाग बघून लिहिलंत ते तुमच्याच लेखावरून कळतं, कारण चौथ्या भागापुढची एकही गोष्ट त्यात नाही. पहिला सीझन २८ भागांचा आहे. निप्पॉन टीव्हीनं २९ सप्टेंबर २०२३ ला तिचे पहिले चार भाग शुक्रवार रात्रीच्या सिनेमाच्या वेळेत, दोन तास सलग दाखवले. करणाऱ्यांनीच सांगून टाकलं की यातला एक भाग सुटा बघू नका, कमीत कमी चार भागांचा घास घ्या. म्हणजे जिथे तुम्ही थांबलात, तिथे त्यांच्या हिशेबानं जेमतेम प्रस्तावना संपते.

हजारावर वर्षं जगलेल्या एल्फ जातीच्या बाईची ही गोष्ट. दहा वर्षं चौघांनी मिळून प्रवास केला, राक्षसराजाला मारलं, आणि सगळे आपापल्या वाटेनं गेले. तिला ती दहा वर्षं म्हणजे काहीच नाहीत. पन्नास वर्षांनी ती परत येते तर बरोबरचा वीर हिमेल म्हातारा झालेला. थोड्याच दिवसांत तो जातो, आणि त्याच्या अंत्यविधीला ती रडते, कारण या माणसाला आपण कधी समजून घ्यायचा प्रयत्नच केला नाही हे तिला तेव्हा कळतं. त्यानंतर पडद्यावर वर्षं कशी मोजतात बघा: ‘हिमेलच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी.’ आमच्या गावात आजही वर्षं अशीच मोजतात. ‘आजी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी विहीर पाडली.’ ‘थोरले काका गेले तेव्हा तू रांगत होतास.’ सन कुणी सांगत नाही. ही मालिका पुढे सरकत नाही असं तुम्ही लिहिलंत, पण ती मुळात मागे बघत चालणारी आहे. प्रत्येक नव्या गावात तिला हिमेल थोडासा आणखी कळतो. हे चार भागांत कसं दिसणार?

आणि ६.४ मधला तो दशांश चार! आमच्या टेबलावर प्रत्येक उपकरणाचं एक लघुत्तम माप असतं, म्हणजे त्यावर वाचता येणारं लहानात लहान माप. साध्या पट्टीचं १ मिलिमीटर, व्हर्नियरचं ०.०२, मायक्रोमीटरचं ०.०१. ज्या पट्टीवर मिलिमीटरच्याच खुणा आहेत, तिच्यावर बघून कुणी १२.३७ असं लिहिलं तर ऑडिटला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो की हे ३७ कुठून आणले? ६.४ आणि ६.३ मधला फरक तुमच्या कोणत्या खुणेवर दिसतो, हे तुम्ही एकदा लिहावं. मला मनापासून जाणून घ्यायचं आहे. सांगता येत नसेल तर सहा लिहा. सहा हा प्रामाणिक आकडा आहे.

‘इव्हँगेलियन’बद्दल तुम्ही म्हणालात की चित्रं हलत नाहीत, पैसे आणि वेळ संपल्याचं दिसतं. १९९५-९६ ची ती २६ भागांची मालिका शेवटाकडे जाताना वेळापत्रकाच्या ओढाताणीत सापडली होती, हे खरं. पण बाविसाव्या भागातला लिफ्टमधला प्रसंग आठवा. असुका आणि रेई, मालिकेतल्या दोन मुली, लिफ्टमध्ये उभ्या. मिनिटभराच्या आसपास चित्र तसंच. आवाज फक्त मजले सरकल्याचा. दोघींमध्ये बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि ते न बोलणं तुम्हाला तिथे उभं राहून सोसावं लागतं. तो प्रसंग दीडपट वेगानं बघितला तर साठ सेकंदांची चाळीस होतात. तेवढ्यात अवघडलेपण तयार होत नाही, नुसतं चित्र अडकल्यासारखं वाटतं. तसं ते तुम्हाला वाटलं, आणि तुम्ही तसं लिहिलंत.

शिवाय कमी चित्रांत काम भागवणं ही अ‍ॅनिमेची मजबुरी जितकी आहे तितकीच ती त्याची भाषाही आहे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, पण टीव्हीच्या मालिकेत एकेक चित्र दोन-दोन, तीन-तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठच नवी चित्रं. ओसामु तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ ला दर आठवड्याची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ सुरू केली तेव्हापासून हेच चालत आलंय. चित्र कुठे हलवायचं आणि कुठे थांबवायचं, यातूनच तिथले दिग्दर्शक घडले. आमच्या बेळगाव तालुक्यातल्या सुळेभावीत १९२४ साली कुमार गंधर्वांचा जन्म झाला. त्यांच्या गाण्यातल्या थांबण्याबद्दल किती लिहिलं गेलंय! ती मैफल दीडपट वेगानं ऐकून कुणी मत दिलं असतं तर आपण ते छापलं असतं का?

डबिंगबद्दलही बोलायचंय. हिंदी डबिंग वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. दूरदर्शनवर १९९३ साली मोगली आला तोही जपानी मालिकेचं हिंदी रूप होता, आणि त्यातल्या शेरखानला नाना पाटेकरांनी दिलेला आवाज अजून लोकांच्या कानात आहे. डोरेमॉनही आम्ही हिंदीतच बघितला. पण डबिंगवरून पात्रांच्या नात्याबद्दल निकाल देताना जपून द्यावा. जपानीत माणूस स्वतःला ‘ओरे’ म्हणतो की ‘बोकू’ की ‘वाताशी’, यावरून तो कोण आणि समोरच्याला काय समजतो ते कळतं. इंग्रजी पट्टीत तिन्हींचा एकच शब्द होतो. आडनावानं हाक मारणारी व्यक्ती एके दिवशी नावानं हाक मारते, तेव्हा तिकडे केवढं तरी घडलेलं असतं. आपल्याकडे ‘अहो’वरून ‘अरे’वर येण्यासारखंच. तुम्ही एका मालिकेत नायक-नायिकेचं नातं शेवटपर्यंत जिथल्या तिथे राहतं असं लिहिलंत, तेव्हा आमच्या गच्चीवरचा एक मित्र वैतागून म्हणाला, “अरे, नवव्या भागात ती त्याला नावानं हाक मारालीय की!” त्या मित्राच्या घरी कन्नड बोलतात. त्यानं ते ताबडतोब पकडलं, कारण ‘नीनु’ (तू) आणि ‘नीवु’ (तुम्ही) यांमधला फरक त्याच्या अंगात भिनलेला आहे.

आमच्या आठांपैकी तिघांच्या घरी कन्नड, एकाच्या घरी उर्दू, बाकी आम्ही मराठी. बसची पाटी कन्नडमध्ये वाचायची, घरी मराठी बोलायचं, कारखान्यात बिहारच्या मुलांशी हिंदी, हातातलं ड्रॉइंग इंग्रजीत. दिवसभर आम्ही एका भाषेतून दुसरीत ये-जा करत असतो, त्यामुळे वाटेत काय सांडतं ते आम्हाला कळतं. भाषेवरून आमच्या भागात काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या आजोबांच्या पिढीपासून ते आम्ही बघत आलोय. पण रविवारी संध्याकाळी त्या गच्चीवर याच तीन घरच्या भाषांची मुलं असुका बरोबर की रेई, यावर घसा बसेपर्यंत भांडतात आणि नंतर एकाच ताटातला कुंदा खातात. तुमच्या पानाचा मी तिथे कन्नड मित्रांसाठी तोंडी अनुवाद करतो. इतक्या लांबवर तुमचं लिहिणं पोचतं.

तुमचं चुकलेलं नसतं तेव्हा आम्ही ते कबूल करतो. ‘प्रॉमिस्ड नेव्हरलँड’च्या २०२१ मधल्या दुसऱ्या सीझनला तुम्ही ३ दिलेत तेव्हा गच्चीवर एकही हात विरोधात वर गेला नाही. अकरा भागांत मांगातलं केवढं तरी गाळून गोष्ट गुंडाळली होती. तिथे तुम्ही मांगा वाचली होती, गाळलेले प्रसंग नावानिशी सांगितले होते, आणि गाळल्यामुळे कोणत्या पात्राचं काय नुकसान झालं ते दाखवलं होतं. तो ३ आम्ही डोळे झाकून मान्य केला असता, पण तुम्ही डोळे झाकायची वेळच आणली नाहीत. ज्या समीक्षकानं ते पान लिहिलं, त्याच्याकडेच मी हे गाऱ्हाणं मांडतोय.

एका गोष्टीबद्दल मात्र मला तुमची माफी मागायची आहे. ‘व्हिनलँड सागा’चा आकडा आला त्या आठवड्यात तुम्हाला फार वाईट शब्दांत निरोप गेले. त्यातले दोन आमच्याच ओळखीच्या मुलांनी पाठवले होते. घरच्यांवरून बोलले. हिंसा सोडलेल्या माणसाच्या गोष्टीसाठी त्यांनी शिव्या दिल्या, हे मला फार लागलं. त्या दोघांना मी समोर बसवून हे सांगितलं आहे. चाहते म्हणून आमचा दुसराही एक दोष आहे. आपली मालिका यादीत वर राहावी म्हणून दुसरीला न बघताच दहापैकी १ देणारे आमच्यात आहेत. आणि पहिल्याच भागाला १० देऊन टाकणारेही. एकदा मीही ते केलंय. तेव्हाही जॉब गरमच होता, फक्त लावलेला टॅग हिरवा होता. म्हणून हे पत्र चाहत्यांच्या बाजूनं समीक्षकाच्या विरुद्ध असं वाचू नका.

आमचं मागणं मोठं नाही. आकड्याखाली एक ओळ छापा: किती भागांपैकी किती बघितले, कोणत्या भाषेत, कोणत्या वेगानं. आमच्या प्रत्येक रिपोर्टवर उपकरणाचा नंबर आणि कॅलिब्रेशनची, म्हणजे ते उपकरण तपासल्याची, तारीख असते, तेवढंच. तीन भाग बघून सोडली असेल तर आकडा देऊच नका, ‘सोडली’ असं लिहा आणि का ते सांगा. त्याला कुणी हरकत घेणार नाही, आणि माझा भाचा लाल रेघही मारणार नाही. आणि वर्षातून एखादा अंक असा काढा ज्यात सहा महिने गार झालेल्या दोन-तीन मालिका तुम्ही परत मोजाल. आकडा बदलला नाही तरी चालेल. रिजेक्ट केलेल्या त्या अकरा जॉबपैकी एक गार झाल्यावरही रिजेक्टच राहिला होता, आणि त्याबद्दल त्या माणसानं माझ्याशी वाद घातला नाही.

‘व्हिनलँड सागा २’पासून सुरुवात करणार असाल तर आमच्या गावी या. बेळगावहून खानापूर साधारण २५ किलोमीटर, स्टेशनवर मी घ्यायला येतो. आप्पांचे बारा भाग झाले आहेत. मध्ये पेरण्या आल्या, मग पाऊस, मग राखण, त्यामुळे तेराव्यापासूनचे राहिलेत. परवा फोनवर विचारत होते, त्या पोराचं पुढं काय झालं म्हणून. मी सांगितलं नाही. सुगी झाली की बसू म्हणालेत. जपानी आवाज, साधा वेग, पट्टी मी वाचेन.

आपला नम्र,
एक वाचक
उद्यमबाग, बेळगाव